दंगलीनंतर घर आणि गल्ली परत उभी करायची म्हणजे नेमकं काय काय करायचं

जळालेल्या घरात पाय ठेवला की पहिलं मन होतं झाडू घ्यायचं, बायका तर लगेच पदर खोचून राख भरायला लागतात, पण जरा थांबा. ती राख तुमचा पुरावा आहे. पोलिसांचा पंचनामा वेगळा, तलाठ्याचा वेगळा आणि विमा असेल तर कंपनीचा सर्व्हेअर येऊन पाहणी करतो ती आणखी वेगळी, तिघं तीन वेगळ्या दिवशी येतात आणि एकाच्या कागदावर दुसरा भागवून घेत नाही. तिघंही येऊन जाईपर्यंत फक्त माणसाला धोका होईल एवढंच हलवा.

आपल्या सोलापूरनं २००२ च्या ऑक्टोबरात कर्फ्यू बघितलाय, त्यामुळं हे कुठल्या लांबच्या देशाचं ज्ञान म्हणून वाचू नका. माझं म्हणणं एवढंच आहे की माणूस परत आपल्या गल्लीत टिकतो तो कागद, पाणी आणि काम या तीन गोष्टींवर. एकता फेरी, गळाभेट, पेढे, फोटो हे सगळं नंतर. लोक नेमकं उलटं करतात आणि मग म्हणतात अहो एवढी शांतता बैठक झाली तरी माणसं घर सोडून का गेली.

आधी कागद

मोबाईलमध्ये व्हिडिओ चालू करा आणि रस्त्यावरून सुरुवात करा म्हणजे घर कुठलं ते कळलं पाहिजे, शेजारचं दुकान, खांबाचा नंबर, मग लाईटचं मीटर नंबर दिसेल असं जवळून, मग एकेक खोली डावीकडून उजवीकडं. तोंडानं तारीख आणि नाव बोला. हा व्हिडिओ त्याच दिवशी बाहेरगावच्या एखाद्या पाहुण्याला पाठवून ठेवा, मोबाईल हरवतो पण पाहुणा हरवत नाही. मग घरातले सगळे बसून खोलीवार यादी करा. घरात काय काय होतं हे बाप्या माणसाला कधीच माहीत नसतं, ते आजीला आणि सुनेला विचारा, डबे, भांडी, शिलाई मशीन, पोरीच्या लग्नासाठी साठवलेलं, सगळं.

पोलीस स्टेशनला जाताना तक्रार लिहूनच न्या, दोन प्रती, एकीवर पोच घ्या. मोठ्या दंगलीत बऱ्याचदा सगळ्या मोहल्ल्याची मिळून एकच एफआयआर होते, त्यात तुमचं घर एका ओळीत जातं किंवा जातच नाही, म्हणून आपला जबाब आणि आपली नुकसानीची यादी वेगळी जोडून घ्या असा हट्ट धरा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. घेतलीच नाही तक्रार तर शहरात पोलीस आयुक्तांना आणि ग्रामीण भागात एसपींना स्पीड पोस्टानं पाठवा, तरी हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमात हे सगळं आहे. वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसायचं कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमात मोफत वकील कोणाला मिळतो त्याची यादी आहे आणि त्यात पूर, भूकंप यांच्याबरोबर वांशिक हिंसाचार आणि जातीय अत्याचार सुद्धा नाव घेऊन लिहिलेत. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, नाहीतर १५१०० ला फोन लावा.

हल्ला जातीवरून दलित किंवा आदिवासी वस्तीवर झाला असेल तर अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लागलंय का ते एफआयआरवर स्वतः वाचून बघा, कारण ते लागलं तर तपास डीवायएसपी किंवा एसीपी दर्जाच्या अधिकाऱ्याकडं जातो आणि नियमाप्रमाणं प्रशासनानं सात दिवसांत मदत पोचवायची असते. जातीय दंगलीत घरातलं कोणी गेलं किंवा कायमचं अपंग झालं तर केंद्राच्या गृह खात्याची ५ लाखांची वेगळी योजना आहे, तो अर्ज कलेक्टर ऑफिसातून जातो. राज्याची मदत, केंद्राची मदत, पीडित भरपाई योजना यांचे अर्ज वेगवेगळे असतात, एक केला म्हणजे दुसरा झाला असं नाही.

हरवलेल्या कागदांचं लोक उगाच टेन्शन घेतात. आधार ऑनलाईन निघतं, खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडं मिळते, प्रॉपर्टी कार्ड सिटी सर्व्हेत, टॅक्सची पावती महापालिकेत, दहावीचं मार्कशीट शाळेतून पुणे बोर्डाकडं अर्ज करून. विडी वळणाऱ्या अक्कांनी आपल्या कारखान्यात जाऊन आपलं नाव आणि पीएफ नंबर लिहून घ्यावा, ओळखपत्राची दुसरी प्रत त्यावरूनच पुढं सरकते. खरी पंचाईत भाडेकरूची असते, कारण घर मालकाचं, सामान आपलं आणि भाडं वर्षानुवर्षं हातावर दिलेलं, पावती कुठाय. म्हणून पहिल्याच आठवड्यात मालकाकडून साध्या कागदावर लिहून घ्या की अमुक माणूस अमुक सालापासून माझा भाडेकरू आहे आणि घर दुरुस्त झाल्यावर तोच राहणार आहे. लाईटबिल, गॅसचं पुस्तक, पोराच्या शाळेतला पत्ता, हे सगळं त्याला जोडा.

आणि हो, अर्धवट जळालेल्या नोटा फेकू नका. कोळसा झालेल्या नोटा साधी बँक घेत नाही पण रिझर्व्ह बँकेच्या ऑफिसात, म्हणजे आपल्याला मुंबई, तिथं तपासून नियमात बसेल तेवढे पैसे मिळतात. डब्यासकट न्या, पसरू नका.

त्या घरात झोपता येईल का

पेठेतल्या जुन्या माळवदाच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर असलेल्या घरांना माझी खास विनंती. वरून माती दिसते, काही झालं नाही असं वाटतं, पण मातीखालच्या लाकडात विस्तव दिवस दोन दिवस धुमसत राहतो आणि तुळई आतून बारीक झालेली असते. वर चढू नका, खालून टेकू लावल्याशिवाय आत झोपू नका. आरसीसी स्लॅब असेल तर रंग बघा, काँक्रीट गुलाबी-लालसर पडलं असेल, पापुद्रे सुटले असतील, सळई उघडी दिसत असेल किंवा हातोडीनं वाजवल्यावर पोकळ आवाज येत असेल तर गिलावा मारून झाकू नका. गिलावा मारून देणारा गवंडी शंभर मिळतील. स्ट्रक्चरल इंजिनीयर दाखवा, पूर्ण गल्लीनं मिळून एकच बोलावला तर परवडतो, वालचंद इन्स्टिट्यूटसारख्या कॉलेजच्या सिव्हिल डिपार्टमेंटला सगळ्यांच्या सहीचं पत्र देऊन विचारायला पण हरकत नाही.

वायरिंग जळकं असेल तर जोडकाम करत बसायचं नाही, सगळं बदला, आणि महावितरणनं तपासल्याशिवाय मेन चालू करू नका. सिलेंडर आगीत सापडला असेल तर तो एजन्सीला परत. काजळी धुताना आधी कोरड्या फडक्यानं पुसा मग साबणाचं पाणी, आधीच पाणी मारलं की काळं भिंतीत मुरतं आणि चार हात रंग दिला तरी वर येतं.

तात्पुरता पत्रा टाकाल तर सोलापूरचा उन्हाळा विसरू नका. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत नुसत्या ताडपत्रीखाली बाळंतीण आणि म्हातारी माणसं ठेवणं म्हणजे शिक्षाच आहे. पत्र्याच्या खाली हातभर अंतर सोडून एक चादर ताणा, दोन्ही बाजूनी हवा खेळती ठेवा, चूल मात्र बाहेर.

पाणी, भाकरी, माग

मदत घेऊन येणारे लोक पहिल्यांदा काय आणतात, कपडे आणि ब्लँकेट. चादरीच्या गावात ब्लँकेट! आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं ज्या घराचे बॅरल वितळले त्या घराकडं पाणी आलं तरी साठवायला काही नाही. म्हणून देणाऱ्यांना सरळ सांगा, दोनशे लिटरचा बॅरल द्या, झाकणासकट. भाकरीचं तसं सोपं आहे, कडक भाकरी आणि शेंगा चटणी आठवडाभर खराब होत नाही, फ्रीज लागत नाही, गॅस लागत नाही. गावातल्या ज्या बायका कडक भाकरीचा धंदा करतात त्यांच्याकडूनच पैसे देऊन घ्या, सगळ्या समाजातल्या बायकांना ऑर्डर द्या, फुकटच्या लंगरपेक्षा हे बरं, त्या घरात पण चार पैसे जातात.

आता मागाचं, यावर जरा जास्त लिहितो कारण इथंच सगळं अडतं. कारखाना जळाला की चार जणांचं नुकसान एकाच वेळी होतं आणि चौघं एकमेकांवर संशय घेतात. माग एकाचा, सूत व्यापाऱ्याचं उधारीवर आलेलं, बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, अर्धा विणलेला माल तिसऱ्याच्या ऑर्डरचा, आणि कामगाराची आठवड्याची मजुरी अडकलेली. विमा असला तरी तो कशाचा आहे, मशीनचा की मालाचा, आणि मजुरीवर घेतलेला परक्याचा माल त्यात धरलाय का, हे पॉलिसी वाचल्याशिवाय कळत नाही. छोट्या उद्योगांसाठीची भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि घरासाठीची भारत गृह रक्षा या दोन्ही ठरावीक पॉलिसींत दंगलीचं नुकसान धरलेलं असतं. गाडीचं मात्र नुसतं थर्ड पार्टी असेल तर जळालेल्या रिक्षाचा एक रुपया येत नाही, हे कटू आहे पण आधी कळलेलं बरं. कंपनीनं दावा नाकारला तर पुण्याला विमा लोकपाल आहे, तिथं फी लागत नाही.

तर काय करायचं, माग मालक, सूतवाला, ऑर्डरवाला आणि कामगारांचा एक माणूस असे चौघं बसा आणि एका कागदावर लिहा की आगीच्या दिवशी कारखान्यात कोणाचं काय होतं. सूत किती बोचकी, बीम किती, तयार माल किती डझन, बिलं आणि चलनं व्यापाऱ्याकडं असतातच, त्यावरून जुळवा. सगळ्यांच्या सह्या. मशीनवरची नंबरची पाटी घासून फोटो काढा. माग चालू होता याचा सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे कारखान्याचं लाईटबिल, कारण युनिट खोटं बोलत नाहीत. सांगाडा भंगारवाल्याला देण्याआधी फिटरला दाखवा, ओतीव बाजू तडकली नसेल तर बरेच माग परत उभे राहतात. भंगारवाला पहिल्याच आठवड्यात गल्लीत फिरायला लागतो आणि किलोवर भाव करतो. त्याला पंचनाम्याचं काय पडलंय. बँकेच्या हप्त्यासाठी तोंडी बोलू नका, एफआयआरची प्रत लावून लेखी अर्ज द्या, हप्ते पुढं ढकलणं किंवा मुदत वाढवणं बँकेला करता येतं पण तुम्ही मागितल्याशिवाय कोणी करत नाही.

आणि जे कारखाने वाचले त्यांनी एक काम करावं, जळालेल्या कारखान्यातल्या कामगारांना पाळी वाटून द्यावी, समोरच्या समाजाचा असला तरी. मुद्दाम म्हणतोय, असला तर आधी. टॉवेल काय आणि चादर काय, सूत एकीकडं रंगतं, विणतं दुसरीकडं, घडी-पॅकिंग तिसऱ्या घरात आणि माल ट्रान्सपोर्टला नेणारा चौथाच, या धंद्यात कोणीच एकटा पुरा पडत नाही. तासभर भाषण ऐकून जे होत नाही ते शुक्रवारच्या पगाराच्या रांगेत होतं, माणूस माणसाला विचारतो, काय ओ, पोरगं बरंय का.

घर विकू नका, निदान वर्षभर तरी

महिना-दीड महिन्यात एजंट येईल. गोड बोलेल, म्हणेल तुमच्याच भल्यासाठी सांगतो, आपल्या लोकांत जाऊन राहा, हितं आता काही राहिलं नाही. भाव अर्धा. दोन्ही बाजूला हाच प्रकार चालतो. मुंबईत १९९२-९३ नंतर असंच झालं, मिश्र वस्तीतली घरं मिळेल त्या भावाला देऊन माणसं मुंब्र्याला गेली आणि मुंब्रा बघता बघता फुगलं, आणि मग जी पोरं मोठी झाली त्यांना समोरच्या धर्माचा एक शेजारी माहीत नाही. राहायला भीती वाटत असेल तर जरूर दुसरीकडं राहा, जबरदस्ती कोणी करू नये, पण घर भाड्यानं द्या, रजिस्टर लिव्ह अँड लायसन्स करा, टॅक्स आपल्या नावानं भरत राहा, कुलूप बदलून चावी भरवशाच्या शेजाऱ्याकडं द्या. सही कशावर करू नका. कुळमुखत्यारपत्रावर तर नाहीच नाही.

याचा सगळ्यात मोठा धडा बोस्नियात आहे. तिथं १९९२ ते ९५ च्या लढाईत वीस लाखांवर माणसं घरातून हाकलली गेली, तुमच्या घरात दुसरंच कुटुंब येऊन बसलेलं. ती लढाई थांबवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारात कलम घातलं की प्रत्येकाला आपलं मूळ घर परत मागता येईल, आणि खरंच सुमारे दोन लाख दावे आले, दहा वर्षांच्या आत बहुतेक निकाली पण निघाले. केवढी मोठी गोष्ट. पण चावी मिळाल्यावर बऱ्याच लोकांनी ते घर विकलं किंवा अदलाबदल केलं, कारण गावात नोकरी नाही, पोरांना शाळा आपली वाटत नाही, पोलिसात आपला माणूस नाही. भिंती मिळाल्या पण जगायचं कसं ते मिळालं नाही. आपल्याकडं मणिपूरमध्ये ३ मे २०२३ पासून जे साठेक हजार लोक घराबाहेर पडले त्यातली कितीतरी कुटुंबं दोन वर्षांनंतरही छावणीतच होती, तिथंही प्रश्न नुसत्या घराचा नव्हता, त्या रस्त्यानं जायचं कसं हा होता.

नवीन वसाहत बांधायचीच वेळ आली तर ही गल्ली यांची ती गल्ली त्यांची असं करू नका, चिठ्ठ्या टाका. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार बायकांनी कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं १०,००० घरांची वसाहत उभी करून घेतली, २००६ साली, तिथं घर मिळायची अट विडी कामगार असणं ही होती. कामाच्या नावानं एकत्र आलेली सोसायटी जातीच्या नावानं आलेल्यापेक्षा जास्त टिकते असं माझं मत आहे, पटलं तर घ्या.

शेजारी

पोलीस स्टेशनची शांतता कमिटी वाईट नाही पण त्यात तेच ते माजी नगरसेवक, तेच हार. भिवंडीचं उदाहरण बघा, ते पण आपल्यासारखंच मागाचं गाव. १९७० आणि १९८४ ला भयंकर दंगली झालेलं. पुढं सुरेश खोपडे तिथं डीसीपी असताना त्यांनी मोहल्ला कमिट्या केल्या, पुढारी बाजूला ठेवून साधी माणसं घेतली आणि दंगल नसताना सुद्धा नियमित बसवली. डिसेंबर १९९२ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. तर तुमच्या कमिटीत कोण पाहिजे, किराणावाला, रिक्षावाला, नळ सोडणारा, अंगणवाडीच्या बाई, रात्रपाळीचा कामगार, आणि निम्म्या बायका. नळावर काय बोललं जातं ते कुठल्या साहेबाला कळतं. पहिल्या बैठकीत दंगलीवर बोलूच नका, गटार, बॅरल, बंद पडलेले दिवे यावर बोला.

अफवेसाठी दोन्ही बाजूचे दोन-दोन माणसं ठरवा ज्यांनी एकमेकांना रात्री दोनला फोन करायला लाजायचं नाही. ग्रुपवर मेसेज आला की तो आधी यांच्याकडं, आणि यांचा प्रश्न एकच, तू स्वतः बघितलंस का. नसेल तर पुढं नाही. खरं निघालं तर ११२.

शांततेसाठी केस मागं घ्या असं कोणी म्हणेल, मोठी माणसंच म्हणतील, चाचा जाऊ द्या, अण्णा सोडून द्या. नाही. ज्याचं जळालं त्यानं केस चालवायची आणि बाकीच्यांनी त्याला कोर्टात जायला सोबत करायची. साक्षीदाराला धमकी येत असेल तर २०१८ साली सुप्रीम कोर्टानं मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना आहे, जिल्ह्यातच अर्ज होतो. श्रमदानाचं पण तसंच. आफ्रिकेतल्या रवांडात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळे मिळून गावचं काम करतात, उमुगांडा म्हणतात, बाहेरचे लोक फार कौतुक करतात, पण १९९४ ला तिथं तुत्सी समाजाची कत्तल झाली तेव्हा माणसं मारायलाही याच नावाखाली गावकरी जमवले होते. त्यामुळं सगळे मिळून काम केलं की आपोआप सगळं नीट होतं या भ्रमात राहू नका. ज्याचं घर पडलंय तो सांगेल कधी यायचं, कोणी यायचं, आणि कोणी यायचं नाही. ज्या पोरांवर गुन्हा आहे त्यांना विटा उचलायला लावून फोटो काढायचा आणि मग ते सुधारले असं जाहीर करायचं, हे तर अजिबात नको.

पोरांसाठी शाळा लवकर चालू करा. छावणीच्या जवळच्या शाळेत दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात आहे ते. पण सोलापुरात मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा आहेत त्यामुळं वर्गात पोरं तशीही एकत्र बसत नाहीत, ती एकत्र येतात मैदानावर. टीमा गल्लीप्रमाणं करू नका, चिठ्ठी टाकून करा. फटाका वाजला की पोरगं किंवा मोठं माणूस दचकत असेल, झोप उडाली असेल तर टेली मानस १४४१६ ला बोला, फुकट आहे आणि मराठीतून बोलतात.

शेवटचं काम कॅलेंडरचं. गड्ड्याची यात्रा, शिवजयंती, आंबेडकर जयंती, मोहरम, मार्कंडेय रथोत्सव, गणपती, ईद-ए-मिलाद, सोलापुरात वर्षभर मिरवणूक असते आणि पहिल्या वर्षी प्रत्येक मिरवणूक जळालेल्या गल्लीच्या तोंडावरून जाते. महिनाभर आधी मार्ग, वेळ आणि डॉल्बी कुठं बंद करायचा ते लिहून घ्या, पोलिसांची सही घ्या, आणि वळणावर दोन्हीकडची पोक्त माणसं पाण्याचं टेबल लावून उभी करा. टेबल कोणत्या ट्रस्टच्या बॅनरखाली लावायचं यावर भांडण होणार हे नक्की, म्हणून बॅनरच लावू नका.